नव्या मराठी गाण्याची पारख सशुल्क जाहिरातीने करावी का?

लष्करकर

ग्वाल्हेरात राहून मराठी गाणी बांधणाऱ्या आणि पदरमोड करून ती ध्वनिमुद्रित करणाऱ्या मंडळींनी, गाणे प्रसिद्ध करण्याआधी त्याचे दोन तुकडे थोडे पैसे लावून इन्स्टाग्रामवर जाहिरातीच्या रूपाने चालवावेत आणि अनोळखी श्रोता कुठे थांबतो ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे. आज आपले नवे गाणे प्रथम ऐकतात ते घरचे लोक, गुरुजी आणि गणेशोत्सवातले मंडळाचे श्रोते. या सर्वांचे आपल्यावर प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांच्याकडून ‘छान झालंय’ यापलीकडे काही हाती लागत नाही. ज्याला आपले नावही ठाऊक नाही असा माणूस मात्र आवडले नाही तर क्षणात पुढे सरकतो. त्याचे मत मला हवे आहे.

पद्धत सोपी आहे, पण शिस्त हवी. एका तुकड्याची सुरुवात मुखड्याने करावी, दुसऱ्याची अंतऱ्यातल्या वरच्या ओळीने. चित्र, मजकूर, शहर, वयोगट आणि रक्कम दोन्हींसाठी एकच ठेवावी, म्हणजे फरक पडला तर तो कशामुळे पडला हे कळते. दोन्ही तुकडे एकाच जाहिरात-संचात टाकले तर यंत्रणा लवकरच बहुतेक पैसा त्यांतल्या एकाकडे वळवते, म्हणून इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिची ए-बी चाचणीची सोय, म्हणजे दोन जाहिराती वेगवेगळ्या लोकांना दाखवून त्यांची तुलना करण्याची सोय, वापरावी; पैसे भरून पोस्ट जास्त लोकांपर्यंत नेणारे, पोस्टखालचे ‘बूस्ट’चे बटण या कामाचे नाही. आणि व्ह्यूज मोजू नयेत. पंधरा सेकंद किती जण टिकले आणि पूर्ण गाण्याच्या दुव्यावर किती जण गेले, एवढेच पाहावे.

विलंबित

मी याच्या पूर्ण विरोधात आहे. या चाचणीत गाण्याची पारख होत नाही, अंगठा थांबतो की नाही याची होते. यूट्यूबवरची जाहिरातसुद्धा पाच सेकंदांनंतर वगळता येते; इन्स्टाग्रामवर तर तेवढेही थांबावे लागत नाही. त्या पाच सेकंदांत तंबोराही धड कानात बसत नाही. आधी सारंगीचा एक तुकडा, मग षड्ज, मग हळूच शब्द, अशी ज्या भावगीताची ठेवण आहे ते या परीक्षेत नापासच होणार. मग पुढचे गाणे बांधताना संगीतकार नकळत ती सारंगी काढून टाकील, आणि त्यालाही वाटेल की हा निर्णय आपलाच आहे. अस्थायी-अंतरा नीट मांडून, मग आलाप, बोलआलाप, ताना अशा क्रमाने ख्याल फुलवणे ही आपल्या गावाच्या गायकीची ओळख आहे. तिने श्रोत्याला थांबायला शिकवले. श्रोता थांबत नाही म्हणून तिने आपला क्रम बदलला नाही.

लष्करकर

विलंबितजी, सारंगी काढा असे मी म्हटलेले नाही. गाणे आहे तसेच राहील. त्याच्या कोणत्या दाराने परका माणूस आत येतो, एवढेच मी शोधतो आहे. आणि पैसा व प्रसिद्धी यांना आपली परंपरा कधी बिचकली नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते दरबाराच्या आश्रयावर विसंबून नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांचे उत्पन्न यांच्या बळावर. अनोळखी लोकांपर्यंत स्वतःहून जाणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही.

हिशेबनीस

पलुस्करांपर्यंत जाण्याआधी आकड्यांचे बोलू या. समजा, प्रत्येक तुकडा हजार जणांना दिसला आणि पूर्ण गाण्याच्या दुव्यावर एकाचे 9 जण गेले, दुसऱ्याचे 14. यावरून दुसरा तुकडा सरस ठरत नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तीच तफावत दहा हजारांमागे 90 आणि 140 अशी आली, तर मात्र ती मानावी लागेल. थोडक्या पैशांत इतके लोक मिळतीलच असे नाही, आणि बिलावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. कमी पैशांत जास्त व्ह्यूज दिसावेत म्हणून काही जण जाहिरात जिथे स्वस्त पडते असे देश यादीत घालतात. तसे केले तर चाचणीच संपली, कारण त्या प्रेक्षकाला मराठी कळत नाही.

आपल्याकडची अडचण याहून खोल आहे. मेटाच्या जाहिरातीत ‘मराठी’ भाषा निवडली की कोणाला दाखवायचे हे बहुतांशी माणूस ॲप कोणत्या भाषेत वापरतो यावरून ठरते. ग्वाल्हेरचा मराठी माणूस घरी मराठी बोलतो, पण त्याचा फोन हिंदीत किंवा इंग्रजीत असतो. म्हणजे ज्याच्यासाठी गाणे केले तोच गाळला जाणार, आणि आपण पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांवरून ग्वाल्हेरच्या श्रोत्याचा निष्कर्ष काढणार. भाषेची अट सोडून शहर आणि आवडीनिवडी यांवरून निवड करावी, आणि तुकड्यात पहिला मराठी शब्द लवकर यावा, म्हणजे ज्याला भाषा कळते तोच ऐकत राहील.

बैठकवेडी

हिशेबनीसांचा मुद्दा मान्य करूनही मी विचारते की हा पैसा आपल्या गावाबाहेर का जावा? याच रकमेत एखाद्या घरातल्या दिवाणखान्यात बैठक होते, तबलजी आणि संवादिनीवाल्याला मानधन मिळते, आणि समोर बसलेल्या माणसाची मान कोणत्या ओळीला हलली, कोणत्या ओळीला त्याने घड्याळाकडे पाहिले, हे गाणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. जाहिरातीने परतफेड होईल अशी आशाही कोणी ठेवू नये. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान 1000 वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. यूट्यूबने 2019 मध्ये जाहिरातीतून आलेले व्ह्यूज आपल्या संगीत-क्रमवारीतून वगळले, आणि चॅनेलला उत्पन्न सुरू होण्यासाठी लागणाऱ्या 4000 तासांतही जाहिरातीने मिळवलेला वेळ धरत नाहीत. जे आकडे मंच स्वतःच खरे मानत नाही, ते आपण का मानावेत?

लष्करकर

बैठकवेडीताई, ते आकडे मीही खरे मानत नाही, म्हणून तर जाहिरातीने गाणे ‘गाजवावे’ असे मी कुठेही म्हटलेले नाही. बैठकीला मात्र येतात ते पुन्हा आपलेच लोक, आणि ते मान हलवतात ती निम्मी गाण्यासाठी, निम्मी आपल्यासाठी. मला पाहायचे आहे ते असे: जाहिरात बंद केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, त्यातून आलेल्यांपैकी किती जण ते गाणे पुन्हा ऐकतात. ऐकले, तर ते गाणे त्यांचे झाले. नाही ऐकले, तर विलंबितजींचे म्हणणे त्या गाण्यापुरते खरे ठरले, आणि मी ते इथे लिहीन. हिशेबनीसांची भाषेबाबतची सूचना मी स्वीकारतो; पहिला शब्द लवकर आणणारा तुकडा निवडीन.

विलंबित

पहिला शब्द लवकर आणण्याचे आपण इतक्या सहज कबूल केलेत, आणि माझी भीती नेमकी हीच होती. तरीही आपली चाचणी होऊ द्या, पण तिच्यात एक तिसरा तुकडा ठेवा: पूर्ण दोन मिनिटांचा, सारंगीपासून सुरू होणारा, मध्ये काहीही न कापलेला. त्यालाही इतरांइतकेच पैसे लावा. पाच सेकंदांत किती जण गेले ते मला नको; जे राहिले त्यांतले किती जण शेवटपर्यंत राहिले, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा आले, ते मला हवे आहे.