'फेस इट अलोन': अर्धवट असलं म्हणून काय झालं?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'फेस इट अलोन' या गाण्याबद्दल 'मेलेल्या माणसाच्या कपाटातलं उरलंसुरलं विकून पैसे करायचे' असं जे मत मांडलं जातंय, ते काही पटलं नाही बुवा. गाणं १९८८ चं, 'द मिरॅकल' या अल्बमच्या वेळचं. क्वीनने ते काढलं ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी जाऊन ३१ वर्षं होत आली तेव्हा. पैसेच करायचे असते तर एवढे थांबले असते का? बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने सांगितलंय की हे वाचवता येणार नाही असंच त्यांना वाटायचं. शेवटी ध्वनितंत्रज्ञांनी तुकडे शिवून ते उभं केलं.

शिवण दिसते, मान्य. शब्द मोजकेच, तेच तेच येतात. पण हेडफोन लावून ऐका: गिटारचे दोन-चार सूर, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि फ्रेडी खालच्या पट्टीतून हळूहळू वर चढतो तेव्हा अंगावर काटा येतो. वाद्यांची गर्दी नसल्यामुळे आवाज लपायला जागाच नाही.

(पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये 'हेक्टिक्स' बँडात पियानो बडवणारा फारूख बलसारा म्हणजे हाच फ्रेडी! या गाण्यावरच्या आपल्याकडच्या पोस्टींमध्ये हे कुणीच कसं काढलं नाही?)

मला तर झगमगीत पूर्ण गाण्यापेक्षा हे उघडंबोडकंच जास्त आवडलं.