‘रेस्टोरेशन’ला मराठीत काय म्हणावं?

टेकडीवाला:
परिसंस्थांच्या (इकोसिस्टिमच्या) रेस्टोरेशनचा, म्हणजे बिघडलेलं रान, माळ पुन्हा बरं करण्याचा अभ्यास चाललाय, त्यावर मराठीत टिपण लिहायचंय. पुस्तकी शब्द ‘पुनर्स्थापना’, पण तो ऐकला की देवळात मूर्ती बसवतायत असं वाटतं. ‘पुनर्वसन’ म्हणावं तर पुणे जिल्ह्यात आधी धरणग्रस्त आठवतात. तुम्ही काय वापरता?

ऱ्हस्वदीर्घ:
आधी संधी बघा. ‘पुनः’च्या पुढे क, प, स यांसारखं कठोर व्यंजन आलं की विसर्ग राहतो: पुनःस्थापना. मृदू व्यंजन किंवा स्वर आला की ‘र’ येतो: पुनर्वसन, पुनरुज्जीवन. ‘पुनर्स्थापना’ रुळलाय खरा, पण मला दाताखाली खडा आल्यासारखा होतो.

माळावरचा:
‘पुनरुज्जीवन’ नदीला शोभतं. माळ कुठे मेलेला असतो? सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, एवढंच. बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणं अशाच गवताळ माळावर राहतात. तिथे खड्डे खणून दाट झाडी लावली, तर ते ‘हिरवं’ होईल, पण चिंकाऱ्याचं घर मोडेल. म्हणून ‘वनीकरण’ हा प्रतिशब्द कृपा करून कुणी सुचवू नका.

टेकडीवाला:
पटलं. परवा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांच्या दाटीत वाकून पाहिलं: नुसता पाचोळा, गवताची काडी नाही. चार पावलांवर उघड्या मुरमात कुसळी गवत गुडघाभर, घरी येऊन मोज्यांतली कुसळं उपटत बसलो. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेकडचं, इथे लावलेलं. म्हणजे लावणं वेगळं, बरं करणं वेगळं.

ओवी:
सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रेस्टोरेशनची २००४ची व्याख्या बघा. ऱ्हास झालेल्या, इजा झालेल्या किंवा नष्ट झालेल्या परिसंस्थेला पूर्ववत व्हायला मदत करणं, असा तिचा आशय आहे. बरी होणार ती परिसंस्था, आपण फक्त मदतीला. ‘दुरुस्ती’, ‘डागडुजी’, ‘जीर्णोद्धार’ यांत सगळं कारागीरच करतो. मला ‘सावरणे’ आवडतं. पडता पडता पोर सावरलं, आणि आईनं पोराला सावरलं, क्रियापद एकच. चराई थांबवली, माळ सावरला. चर खणले, घाणेरी काढली, उतार सावरला.

ऱ्हस्वदीर्घ:
सुरेख! पण नाम काय करणार? ‘सावरण’ कुणाला कळणार नाही.

माळावरचा:
आमच्याकडे ‘रान सावरलं’ म्हटलं की लगेच कळतं. नाम अहवालवाल्यांना लागतं.

टेकडीवाला:
मग शीर्षकात ‘परिसंस्था पुनःस्थापना’, विसर्गासकट. आत सगळीकडे ‘सावरणे’.