विहिरीवरची जुनी पवनचक्की पुन्हा चालू करायची आहे, जाणकारांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

आमचा मळा कवठेमहांकाळ तालुक्यात. विहिरीवर पाणी उपसायची पवनचक्की आहे, आजोबांनी १९८६ साली सरकारी योजनेतून बसवलेली. तोवर मोट होती. चक्कीचा पाइपही त्यांनी मोटेच्याच थारोळ्यात सोडला. २००३ च्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसला, आम्ही बोअर घेतलं आणि चक्की थांबली ती थांबलीच. आता म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून विहीर उन्हाळ्यातही दोन परस पाणी धरते. लाईट मात्र रात्रीची. त्यामुळे ही चक्की चालू करायचीच, असं ठरवलंय.

चक्रामागच्या शेपटावर '१२ पीयू ५००' ही अक्षरं अजून पुसट दिसतात. म्हणजे बारा पाती, पाच मीटर व्यास. ढालगावच्या डोंगरावर तीन पात्यांच्या वीज करणाऱ्या पवनचक्क्या आहेत, त्यांचं काम निराळं. आपल्या चक्कीला पाण्याच्या सगळ्या भारासकट पंपातला दट्ट्या (पिस्टन) पहिल्या झटक्यात उचलायचा असतो, म्हणून पाती दाट. गिअर नाहीत, चक्राची एक फेरी झाली की दट्ट्या एकदा वर-खाली.

परवा शिडीवरून वर गेलो. क्रँकच्या खोबणीत साळुंकीचं रिकामं घरटं होतं. पातं धरून हलवलं तर शाफ्ट बोटभर हलतो, म्हणजे तो ज्यात फिरतो ते बुश गेलेत. खाली पंप उघडला तर चामड्याचा वॉशर पापडासारखा कडक. तो नवा मिळेल, त्याची काळजी नाही.

खरी काळजी शेपटाची. अमेरिकेत डॅनियल हॅलडे यांनी १८५४ साली आपोआप वेग आवरणारी पवनचक्की केली, तेव्हापासून अशा चक्क्यांना जोराच्या वाऱ्यात स्वतःला सांभाळायची सोय असते. आमच्या चक्कीत शेपूट बिजागरीवर आहे. वारा वाढला की चक्र तोंड फिरवून शेपटाला समांतर येतं आणि वाऱ्याचा मारा चुकतो. ती बिजागरीच गंजून जाम झालीय. अशीच सोडली तर वळवाच्या पहिल्या वादळात पाती उडतील. वादळ दिसलं की चक्र हाताने वाऱ्यातून बाजूला वळवायला वडील पळत जाऊन टॉवरखालचा दांडा ओढायचे, तो दांडाही आता हलत नाही.

बिजागरी वरच्या वर, डिझेल मारून आणि गॅसने तापवून सोडवता येईल का? की सगळं डोकं खाली उतरवावं लागेल? विहिरीच्या काठाला क्रेन येत नाही. चेनपुली आणि तिकाटणं (तीन खांबांची घोडी) लावून कुणी असं डोकं उतरवलंय का? बुश गनमेटलचेच करावेत की बेअरिंग बसवावं? आणि दोन पाती चाळणीसारखी झालीत, ती बदलायची तर पत्रा किती गेजचा घ्यावा आणि पात्याला बाक कसा द्यावा? उरलेल्या दहाच्या मापाने केली तरी वजन सारखं यायला हवं, नाहीतर चक्र हेलकावे खाईल.

कुणाच्या शिवारात अशी चक्की चालू असेल तर कृपया कळवा, मी येऊन बघेन. पाती आणि बिजागरीचे फोटो मापांसकट उद्या टाकतो.