‘तू जतचा ना?’ एवढ्यावर वाद मिटतो का?

जतकर: परवा सांगलीच्या पुराच्या पोस्टखाली मी एवढंच लिहिलं, की वडनेरे समितीने २०२०च्या अहवालात २०१९च्या पुराचं खापर कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर फोडलेलं नाही. भर आहे तो थोड्या दिवसांत कोसळलेल्या पावसावर आणि नदीतल्या अतिक्रमणांवर. लगेच उत्तर, “तू जतचा ना? मग कर्नाटकाचीच री ओढणार.” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. अहवाल कुणी उघडलासुद्धा नाही. जत सीमेवरचा तालुका, घरात कानडी बोलतो, कबूल. त्यानं कृष्णेची पातळी बदलते का? २०२२ला कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हापासून तर आम्ही कायमचे संशयित. त्या गावांचा कर्नाटकात जायचा जुना ठराव पाण्यासाठी होता हो, भाषेसाठी नव्हे.

आयर्विनखालचा: सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ला पाणी ५७च्या वर गेलं. चिखल उपसलेल्या माणसाला ‘अहवाल वाचा’ म्हणणं सोपं असतं. अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायची म्हणतात, ती भीती काय आम्ही झोपेत रचली? बोलणाऱ्याचं हित कुठे गुंतलंय हे विचारणारच. त्याला शिक्का म्हणत नाहीत.

जतकर: विचारा की. पण मग माझं गाव कळल्यावर पुढचं वाचायचंच नाही, असं का? समिती महाराष्ट्र सरकारनं नेमलेली. कर्नाटकावर ढकलणं त्यांना उलट सोयीचं होतं.

माणदेशी: हा मुद्दा बिनतोड आहे. (आमच्याकडे वादाला पाणीच नाही, पूर कुठला!)

आयर्विनखालचा: बिनतोड वगैरे राहू द्या. सोयीचं होतं म्हणून निष्कर्ष बरोबर, हे कुठलं गणित? आणि जतकर, त्याच पोस्टखालची तुमची दुसरी कमेंट इथे का नाही सांगितली? “उसाच्या पैशावर माजलेल्यांना दुष्काळ काय कळणार” हे कुणी लिहिलं?

जतकर: मीच. रात्री डोकं फिरलं होतं. सकाळी काढून टाकली.

आयर्विनखालचा: मी वाचली होती तोवर. माझ्याकडे उसाची एक सरी नाही. गणपती पेठेत भाड्याचं दुकान आहे, त्या वर्षी पोत्यासकट माल कुजला. काठावरचा म्हणजे बागायतदार, असं तुम्हीच धरून चाललात की.

माणदेशी: लगा, हे भारी झालं! जतकर, आता बोला.

जतकर: काय बोलू? चुकलंच ते. दुकानाचं ठाऊक असतं तरी त्या रात्री लिहिलंच असतं बहुतेक, खोटं कशाला सांगू. पण समितीवर तुम्ही अजून काही बोलला नाहीत.

आयर्विनखालचा: अहवाल पाठवा. दुकान बंद केल्यावर बघतो. अतिक्रमणाचं मान्य, ते मी डोळ्यानं बघतोय. अलमट्टीचं पटणार नाही, आधीच सांगतो.