मुका मार किती दिवसांचा आहे हे स्नायू बघून खरंच कळतं का?

ठाणेकर_ज्युनियर:
नमस्कार मंडळी, ठाणे कोर्टात ज्युनियर आहे, एका केसमध्ये अडकलोय. शनिवारी रात्री कळव्यात मारामारी, मंगळवारी सकाळी माणूस हॉस्पिटलात वारला, पीएम (पोस्टमॉर्टेम) गुरुवारी. मांडी चिरल्यावर आत स्नायूत रक्त साकळलेलं, वर कातडीवर जवळपास काहीच नाही. समोरचे म्हणतात तो दहा दिवस आधी बाईकवरून पडलेला, मार तेव्हाचाच. पीएम रिपोर्टात नुसतं "रंग जांभळट, ३ ते ५ दिवस". हे दिवस मोजायचे कुठून, गुरुवारपासून मागे? त्याच्या आईने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही, ते डोक्यातून जातच नाहीये.

नेरुळची_रेसिडेंट:
वकीलसाहेब, मोजायचं ते मरेपर्यंतच. भरून येणं हे जिवंत शरीराचं काम, रक्त फिरायचं थांबलं की तेही थांबतं, मग बॉडी कितीही दिवस कोल्ड स्टोरेजला असो. म्हणजे तुमचा हिशोब शनिवार रात्र ते मंगळवार सकाळ, साधारण ६० तास.
रंगावर जाऊ नका. लाल-निळा-हिरवा-पिवळा हा क्रम आम्ही पाठ करतो तो कातडीवरचा, आणि तिथेही माणसागणिक बदलतो. लँग्लॉय आणि ग्रेशम यांच्या १९९१ च्या अभ्यासात पिवळेपणा १८ तासांच्या आत दिसला नाही, एवढंच त्यातून हाताला लागतं. खोल स्नायूला तो तक्ता लागू होत नाही.
खरं कळतं मायक्रोस्कोपखाली. काही तासांत न्यूट्रोफिल (जखमेवर पहिल्या धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) येतात, एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) येऊन स्नायूचे मेलेले तंतू साफ करायला लागतात, मग कडेच्या सॅटेलाइट सेल (स्नायू दुरुस्त करणाऱ्या राखीव पेशी) जाग्या होतात आणि आठवडाभरात नवे बारीक तंतू दिसतात, ज्यांचं केंद्रक मधोमध असतं, एरवी ते काठाला असतं. दहा दिवसांच्या मारात हे नवे तंतू दिसायला हवेत, ६० तासांच्या मारात ते तयारच झालेले नसतात.

स्लाइडवाला_वाशी:
मॅडम बरोबर बोलल्या. मी हिस्टो लॅबला (जिथे मायक्रोस्कोपसाठी स्लाइड बनतात) टेक्निशियन, वर्षानुवर्षं तुकडेच कापतोय. आधी बघा स्नायूचा तुकडा घेतलाय का आणि ठेवलाय कशात. विष तपासायचा व्हिसेरा (आतले अवयव) मिठाच्या पाण्यात जातो, पण हा तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्येच पाहिजे, आणि शेजारचा चांगला स्नायू धरून कडेचा पाहिजे. कितीदा बरणी उघडली की आत नुसती काळी गुठळी, कडाच नाही, मग पॅथॉलॉजिस्ट वाचणार काय, जीव तुटतो हो अगदी. पर्ल्स स्टेन (स्लाइडला द्यायचा एक रंग) पण मागा, रक्तातल्या लोहाचे कण निळेशार दिसतात, ते साधारण २-३ दिवसांनी यायला लागतात.

ठाणेकर_ज्युनियर:
तुकडा फॉर्मलिनमध्ये गेलाय, रिपोर्ट यायचाय. मग डॉक्टर साक्षीत ६० तास असं सांगतील का?

नेरुळची_रेसिडेंट:
नेमके तास नाही सांगणार, सांगूही नयेत, "इतक्या ते इतक्या" असंच येईल. वय, डायबिटीस, स्टेरॉइड, शेवटी बीपी किती पडलेलं, सगळ्याने वेग बदलतो, म्हणून हॉस्पिटलचे कागद पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचतील असं बघा. मांडीत इंजेक्शन दिलेलं का तेही, सुईच्या जागीही तंतू मरतात. आणि तो खरंच आधी पडला असेल तर एकाच मांडीत जुना-नवा दोन्ही मार सापडू शकतो, तेव्हा तुकडे किती जागचे घेतले ते विचारा. आईंना एवढं नक्की सांगा की दहा दिवसांचा आणि तीन दिवसांचा मार स्लाइडवर सारखा दिसत नाही.

ठाणेकर_ज्युनियर:
थँक्यू मॅडम, दादा. संध्याकाळी त्यांच्या घरी जातोय, हॉस्पिटलच्या कागदांची फाइल त्यांच्याकडेच आहे.