हाताशी, हाताखाली आणि हस्तक

सध्या मी एका इंग्रजी गुन्हेगारी कादंबरीचा अनुवाद करीत असून एका परिच्छेदापाशी तीन दिवस अडलो आहे. टोळीच्या म्होरक्याजवळ सतत वावरणाऱ्या एका माणसाला म्होरक्याची बायको ‘असिस्टंट’ म्हणते, तपास अधिकारी ‘हेन्चमन’ म्हणतो आणि टोळीतलाच, त्याच्यावर जळणारा एक जण त्याला ‘मिनियन’ म्हणून हिणवतो. मी अनुक्रमे मदतनीस, हस्तक आणि बगलबच्चा असे शब्द योजले होते. संपादकांनी तिन्ही ठिकाणी ‘सहाय्यक’ केले आणि समासात शेरा मारला, “माणूस एकच, मग शब्द तीन कशाला?” माणूस एकच असला तरी बोलणारे तीन आहेत, असे माझे म्हणणे आहे. शिवाय ‘बगलबच्चा’बद्दल माझ्याच मनात शंका आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आपले म्हणणे मला पटते. हे शब्द कामावरून वेगळे होत नाहीत, ते कोणाच्या तोंडी आहेत यावरून होतात. ‘मी अमुक साहेबांचा असिस्टंट’ अशी ओळख माणूस स्वतः करून देतो. ‘मी त्यांचा हेन्चमन’ असे थट्टेखेरीज कोणी म्हणणार नाही. मराठीत हीच उतरंड आपण एका ‘हात’ या शब्दावर उभी केली आहे. हाताशी असतो तो असिस्टंट, हाताखाली असतो तो सबॉर्डिनेट, उजवा हात असतो तो विश्वासातला, आणि ज्याला स्वतःचे डोके नाही असे आपल्याला सुचवायचे असते तो हातचे बाहुले. ‘हस्तक’ हा त्याच घराण्यातला, पण बदनाम झालेला. सत्कार्यातल्या माणसाला हस्तक म्हटलेले मी तरी वाचलेले नाही. त्यामुळे ‘हेन्चमन’साठी तो चपखल बसतो.

प्रतिसाद

सबॉर्डिनेट आणि असिस्टंट यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. शाखाधिकारी हा विभागीय अधिकाऱ्याच्या हाताखालचा असतो, पण त्याचा मदतनीस नसतो. उलट, ज्याच्यावर आपला काडीचाही अधिकार नाही असा माणूसही आपल्याला मदत करू शकतो. पहिल्या शब्दात पायरी आहे, दुसऱ्यात काम आहे. गंमत अशी की ‘सबॉर्डिनेट’ला मराठीत एक शब्द पुरतच नाही: न्यायालय असेल तर ‘दुय्यम’, व्याकरणातले वाक्य असेल तर ‘गौण’, आणि माणूस असेल तर ‘हाताखालचा’. माणसाला ‘गौण’ म्हणून पाहा, म्हणजे फरक लगेच कळेल.

‘डेप्युटी’ची कसोटी आणखी सोपी आहे. साहेब रजेवर गेल्यावर ज्याची सही चालते तो डेप्युटी, आणि ज्याला साहेबांची वाट पाहावी लागते तो असिस्टंट. आपला जुना ‘नायब’ हा नेमका पहिल्या अर्थाचा होता. (‘नवाब’ हे त्याच अरबी शब्दाच्या अनेकवचनातून आले आहे, नायबांनी बरीच मजल मारली म्हणायची.)

प्रतिसाद

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एक दुरुस्ती सुचवतो. संपादकांचा ‘सहाय्यक’ हा शब्दच अशुद्ध आहे. ‘सहाय’ म्हणजे बरोबर चालणारा, सोबती, त्यावरून ‘सहायक’. त्याचे भाववाचक नाम ‘साहाय्य’. या दोहोंची मोडतोड करून झालेला ‘सहाय्य’ संस्कृतात नाही. आणि अनुवादकाने ‘मदतनीस’सारखा अर्धा अरबी, अर्धा फारसी शब्द का घ्यावा, हेही मला कळत नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश मुद्दाम तयार करवून पेशव्याचा पंतप्रधान आणि सुरनिसाचा सचिव केला गेला. साडेतीनशे वर्षांनंतर आपण उलट दिशेने का जावे?

प्रतिसाद

कोश झाला हे खरे, पण पुढे लोकांच्या तोंडी ‘पेशवे’च राहिले, हेही आपण सांगायला हवे होते. ‘मदतनीस’ आज कोणालाही परका वाटत नाही. फडणीस, चिटणीस यांतला ‘नीस’ म्हणजे ‘नवीस’, लिहिणारा. मदतनिसाच्या हातात लेखणी असेलच असे नाही, तेव्हा प्रत्ययाने मूळ अर्थ सोडून मराठीत नवा संसार थाटला असावा, असा माझा कयास आहे. ‘सहाय्यक’ही नेमणूकपत्रांतून इतका रुळला आहे की त्याला अशुद्ध म्हणणे हे आता केवळ समाधानापुरते उरले आहे.

प्रतिसाद

रूढ झाले म्हणून शुद्ध होत नाही. उद्या ‘पंटर’ही रूढ आहे म्हणून कोशात घ्याल. इंग्रजीत तो जुगार खेळणारा, आपल्याकडे तो टोळीवाल्याचा माणूस!

प्रतिसाद

घ्यायलाच हवा, कारण तो ‘हेन्चमन’च्या जवळ जातो. हेन्चमनमधला पहिला भाग घोडा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला असे मानतात, म्हणजे हा मुळात मोतद्दाराचा, घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराचा, भाईबंद. ‘मिनियन’ तर फ्रेंचमधल्या ‘लाडका’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे; राजाच्या मर्जीतला तो मिनियन, आणि मर्जीतल्या माणसाबद्दल इतरांना जे वाटते ते हळूहळू त्या शब्दाला चिकटले. ‘मिनिस्टर’चा प्रवास याच्या नेमका उलट झाला. लॅटिनमध्ये तो ‘कमी’ या अर्थाच्या शब्दावरून बनलेला साधा सेवक होता, आणि आज त्याच्याच मागेपुढे असिस्टंटांचा ताफा असतो.

तेव्हा जळणाऱ्या माणसाच्या तोंडी मी ‘मर्जीतला’ घालीन. ‘बगलबच्चा’मध्ये आश्रय दिसतो, असूया तितकी दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ‘मर्जीतला’ मला आवडला, परंतु तो शब्द टोळीतल्या माणसाच्या तोंडी सभ्य वाटतो आणि माझ्या पात्राची जीभ तितकी सभ्य नाही. म्हणून तूर्त ‘बगलबच्चा’च ठेवला आहे. आपली मते जोडून तो परिच्छेद पुन्हा संपादकांकडे पाठवला होता. त्यांनी सर्व लक्षपूर्वक वाचल्याचे कळवले आहे, आणि तिन्ही ठिकाणचे ‘सहाय्यक’ खोडून ‘सहायक’ केले आहे.