सेलेब्रिनी गेला तरी बीयू फायनलला, हा सीझन यशस्वी म्हणायचा की नाही?

टेरियरवेडा_पुणेकर: बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या (बीयू) २०२४-२५च्या आईस हॉकी सीझनबद्दल बोलायचंय. मॅकलिन सेलेब्रिनी एकच वर्ष खेळला, ३८ मॅचमध्ये ६४ पॉईंट्स, १७ व्या वर्षी हॉबी बेकर म्हणजे कॉलेज हॉकीतला सगळ्यात मोठा मान, आणि लगेच एनएचएलला, म्हणजे प्रो लीगला. डिफेन्सचा लेन हटसनही गेला. एवढं होऊन पोरांनी बीनपॉट, म्हणजे बॉस्टनच्या चार कॉलेजांची स्पर्धा, तिच्या फायनलला बॉस्टन कॉलेजला ४-१ हरवलं, मग राष्ट्रीय स्पर्धेत अमेरिकेतल्या शेवटच्या चारात सलग तिसऱ्या वर्षी पोचले आणि पुढे फायनललाही! त्याच्या आदल्या दोन्ही वर्षी सेमीतच घरी आले होते. माझ्या मते यशस्वी, शंभर टक्के.

मृणाल_ठाणे: मला नाही पटत. फायनलला वेस्टर्न मिशिगनकडून ६-२! आणि जानेवारीत ओमाहाहून मिखाईल येगोरोव्हला आणून गोलमध्ये उभा केला, अर्धा सीझन गोल सांभाळणारा मॅथ्यू कॅरोन बाजूला. आपण लोक बीनपॉटचं कौतुक करतो, पण त्या पोराला काय वाटलं असेल? कॉलेजची टीम वर्षानुवर्षं एकत्र राहून घडते ना.

टेरियरवेडा_पुणेकर: वाईट मलाही वाटलं. पण टीम काय फक्त येगोरोव्हवर चालली का? लेनच्या जागी धाकटा भाऊ कोल आला, डिफेन्सला खेळून पहिल्याच वर्षी ४८ पॉईंट्स, आणि थोरला क्विन होताच, त्याचे ५०. रीजनलला, म्हणजे शेवटच्या चाराआधीच्या फेरीत, कॉर्नेलला ओव्हरटाईममध्ये काढलं तेव्हा मी रूममध्ये अक्षरशः उभा राहून ओरडत होतो.

बर्फातला_कोल्हापुरी: मृणालताईंचा मुद्दा बरोबर आहे. वेस्टर्न मिशिगनचा कॅप्टन टिम वॉश बघा, तिथेच पाचवं वर्ष, आणि त्या कॉलेजचं हे पहिलंच विजेतेपद. पोरं टिकली की काय होतं ते दिसलं.

टेरियरवेडा_पुणेकर: अहो पण त्यांचा गोलकीपर स्लुकिन्स्की पहिल्याच वर्षाचा होता की! आणि पोरं टिकवायची कशी? १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधली मुलंही कॉलेजला खेळू शकतात, म्हणजे ये-जा आणखी वाढणार. बीयूचे कोच पँडोल्फो सरांनी एवढ्या उलथापालथीत टीम फायनलला नेली, मी त्यांनाच मानतो.

मृणाल_ठाणे: सरांना मीही मानते. पण मग निदान जुन्या सीनियर मुलांना मधेच बाजूला सारू नका, एवढंच म्हणणं आहे. शेवटचं वर्ष परत येत नाही त्यांचं.